बाराचा भामटा

बटणांच्या कारखान्यात अडीचशे माणसं कामाला होती, आणि त्या सगळ्यांवर सारखाच संशय घेणारे एकटे कडीसाहेब होते. सर्व्हरची खोली त्यांच्या ताब्यात. नाव अर्थातच लोकांनी ठेवलेलं, पण ते तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग येत नसे. उलट मान किंचित ताठ होई.

माणूस वाईट नव्हता हो. फक्त दार दिसलं की त्याला कडी घालावीशी वाटायची, आणि कडी घातली की आत कोण आलं, कोण गेलं ते लिहून ठेवावंसं वाटायचं. घरी फ्रिजच्या दारालाही त्यांनी सुतळीने वही टांगली होती. कोण, किती वाजता, कशासाठी. बायको तीन दिवस रागावून आणि पुढची वीस वर्षं सवयीने त्यात लिहीत आली. सासूबाई राहायला आल्या तेव्हा त्यांनी ‘कशासाठी’च्या रकान्यात लिहिलं, ‘जावई सुधारला का बघायला.’ जायच्या दिवशी खाली एकच शब्द लिहिला, ‘नाही.’ कडीसाहेबांनी दोन्ही नोंदींपुढे वेळ घातली आणि सही केली.

कारखान्याच्या सर्व्हरवर त्यांनी दोन याद्या केल्या होत्या. पहिलीत ज्यांना आत घ्यायचं ते. दुसरीत ज्यांना घ्यायचं नाही ते, आणि तिथे एकच शब्द होता, ‘सगळे’. म्हणजे पहिल्या यादीत ज्याचा नंबर नाही, त्याने फाइल मागो, छपाई मागो, काहीही मागो, सर्व्हर दार लावून घेई आणि कोण आलं होतं, कधी आणि काय मागत होतं ते लिहून ठेवी. पूर्वी तिथे सगळ्यांना मोकळं रान होतं. दीड वर्षापूर्वी कडीसाहेब वही घेऊन टेबलाटेबलाशी फिरले, प्रत्येकाच्या यंत्राचा नंबर लिहून घेतला आणि पहिली यादी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं.

दुसऱ्याच दिवशी नोंदवहीत भामटा सापडला. दुपारी ठीक बारा वाजता एक अनोळखी नंबर आला, दार वाजवलं, सर्व्हरने हाकललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बारा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा बारा! नंबर कारखान्यातलाच होता, म्हणजे घरभेदीच कुणीतरी. कडीसाहेबांचा पहिला संशय पॅकिंगवाल्यांवर, दुसरा हिशेबनिसावर. पण शोधायला मात्र ते गेले नाहीत. भामट्याला रोज हाकलण्यात जी गोडी होती, ती तो सापडल्यावर राहिली नसती.

ही सगळी हकीकत ते ऐकवत उपाहारगृहाच्या मावशींना. मावशी तिथे एकोणीस वर्षं रांधत होत्या. कढईच्या तळाचे खरपूस बटाटे त्या कडीसाहेबांसाठी बाजूला काढून ठेवत आणि भामट्याचे प्रताप मन लावून ऐकत.

“साहेब, पण तो बिचारा मागतो तरी काय?” एकदा त्यांनी विचारलं.

“वेळ मागतो. किती वाजले, एवढंच विचारतो.”

“मग सांगा की.”

“अहो मावशी, खिसेकापू आधी काय विचारतो? किती वाजले, हेच ना? आपण घड्याळात बघतो आणि तेवढ्यात पाकीट जातं. नाव यादीत नाही, विषय संपला.”

मावशींना ते पटलं. कडीसाहेबांचं म्हणणं त्यांना नेहमीच पटायचं. उपाहारगृहातल्या मोठ्या घड्याळाखाली कडीसाहेबांनीच तीन वर्षांपूर्वी कागद चिकटवला होता, ‘हे घड्याळ थेट सर्व्हरकडून वेळ घेते. ते चुकत नाही. कोणीही हात लावू नये.’ तेव्हापासून मावशी फोनकडेही बघत नसत. घड्याळात एक वाजला की खिडकीचं शटर वर.

आता गंमत अशी, की जेवणाची सुट्टी एकला व्हायची आणि शटर हळूहळू एक वाजून पाचला, दहाला, करत करत एक बावीसला उघडायला लागलं. माणसं ताटं वाजवू लागली. मावशी आतून घड्याळाकडे बोट दाखवत, “वाजायचाय अजून!” शेवटी चाळीस सह्यांची तक्रार गेली. पहिली सही कडीसाहेबांची. मजकूरही त्यांचाच.

मॅनेजरबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. “घड्याळ चुकू शकत नाही, हे तुम्हीच लिहून दिलंय. मग त्याचे काटे मावशींनीच मागे ओढलेत. स्वयंपाकाला जास्त वेळ मिळावा म्हणून. तुम्ही तपासा आणि शुक्रवारी अहवाल द्या. सिद्ध झालं की त्यांना घरी पाठवते.”

तपास म्हटल्यावर कडीसाहेबांना चेव चढला. ते स्टुलावर चढले, घड्याळ उतरवलं, उलटं केलं. मागे एक चिठ्ठी होती. तिच्यावर घड्याळाचा नंबर होता आणि अक्षर त्यांचं स्वतःचं होतं.

तो भामट्याचा नंबर होता.

कडीसाहेब स्टुलावरच बसले. टेबलाटेबलाशी फिरले होते ते, आणि घड्याळाला टेबल नव्हतं. बिचारं रोज स्वतःच्या हिशेबाने बारा वाजता वेळ विचारायला येत होतं, हाकललं जात होतं आणि दिवसाला दोन-अडीच सेकंद मागे पडत होतं. मावशी खाली उभ्या होत्या. “काही सापडलं का हो साहेब? मी खरंच हात नाही लावला.” कडीसाहेबांना इतकी लाज वाटली की त्यांच्याच्याने स्टुलावरून उतरवेना.

नोंदवही त्यांच्याशिवाय कुणी वाचत नसे. त्या ओळी पुसल्या असत्या तर कुणालाही पत्ता लागला नसता. गुरुवारी ते तासभर पडद्यासमोर बसून राहिले, बोट पुसायच्या बटणावर. पण नोंद पुसायची? फ्रिजवरची सासूबाईंची नोंदसुद्धा त्यांनी पुसली नव्हती.

शुक्रवारी त्यांनी मॅनेजरबाईंपुढे कागदांचा गठ्ठा ठेवला आणि उभ्याने वाचायला सुरुवात केली. “बारा वाजता घड्याळाने वेळ मागितली. नाकारली. दुसऱ्या दिवशी बारा वाजता घड्याळाने वेळ मागितली. नाकारली.”

“अशा किती आहेत?” मॅनेजरबाईंनी अकराव्या ओळीला विचारलं.

“पाचशे त्रेपन्न.”

“आणि नाकारली कोणी?”

“मी.”

दारापाशी उभ्या असलेल्या मावशींनी पदर तोंडाला लावला. त्या रडताहेत असं कडीसाहेबांना वाटलं. नीट बघितलं तर त्या हसत होत्या, अगदी खांदे हलेपर्यंत. “म्हणजे तो भामटा माझ्याच डोक्यावर टांगलेला होता?”

मावशींची नोकरी राहिली. घड्याळाचा नंबर पहिल्या यादीत सगळ्यात वर चढला. कडीसाहेबांनी माफी मागितली, लेखी, तीन प्रतींत.

सोमवारी ठीक एक वाजता शटर वर गेलं. खिडकीला सुतळीने एक नवी वही टांगली होती. पहिल्या पानावर दोनशे एकोणपन्नास नावं. दुसऱ्या पानावर एकच शब्द, ‘बाकीचे’. कडीसाहेब ताट घेऊन पुढे झाले. मावशींनी पहिल्या पानावरून बोट वरून खाली फिरवलं.

“नाव यादीत नाही,” त्या म्हणाल्या. “विषय संपला.”

रांगेत एकच हशा पिकला. कडीसाहेब निमूटपणे बाजूला झाले आणि घड्याळाखालच्या बाकावर रिकामं ताट मांडीवर घेऊन बसले. माणसं जेवली, उठली. खिडकीत शुकशुकाट झाला. मोठा काटा सरकत राहिला, आणि त्यांच्या लक्षात आलं की इतकं सारखं आपण त्याच्याकडे आजवर कधी बघितलंच नव्हतं.

एक वाजून बावीस मिनिटांनी मावशींनी हाक मारली. खरपूस बटाटे त्यांनी बाजूला काढून ठेवले होते.