खाडा कुणी सांगितला नव्हता

रविवारी संध्याकाळी आमची मेस बंद असायची. सगळ्याच पोरांच्या मेसा त्या वेळेला बंद असतात. दुपारी गोडधोड करून घालायचं आणि संध्याकाळी चूल मोकळी ठेवायची, ही रीत. तेवढी एक वेळ आम्ही दोघं नवराबायको माणसासारखी बसायचो. त्या रविवारीही बसलो. मधे सोमवारच्या भाजीचा, अंबाडीचा ढीग. ती पानं खुडत होती, मी देठं बाजूला टाकत होतो. माझ्या हातून काही पिवळी पानं चांगल्यात गेली, तर तिनं ती वेचून माझ्या मांडीवर टाकली.

"चष्मा काय खिशात मिरवायला घेतलाय?"

"तुझी पोरं पानं बघून खातात व्हय? मोबाइलात बघत गिळतात."

"गिळू द्या. पिवळं पान त्यांच्याच तोंडात कडू लागंल."

निवडून झाल्यावर तिनं अंबाडी ओल्या फडक्यात गुंडाळली, टोपलीत ठेवली. ज्वारीच्या कण्या भरडून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर झाकण घातलं. म्हणाली, "जरा पडते. चहा ठेवला की हाक मारा."

मी चहा ठेवला. हाक मारली. मग हलवलं. चहा उतू जाऊन चूल विझली तरी मी तिला हलवतच होतो.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, तिनं तर शाळेचं दारही पाहिलं नव्हतं. आमचं गाव देवगाव रंगारीच्या अलीकडं, आडबाजूला. तिच्या बापाची मेंढरं होती, माझ्या बापाचं मुरमाड रान. लग्न झाल्यावर आम्ही औरंगाबादेला आलो. आता शहराचं नाव बदललंय, पाटीवर नवंच आहे, पण माझ्या तोंडात जुनंच बसलंय. विद्यापीठात पोरांच्या हॉस्टेलचं बांधकाम चालू होतं. मी दगड वाहायचो, ती कामावरच्या माणसांना भाकरी थापून घालायची. हॉस्टेल उभं राहिलं, माणसं दुसऱ्या कामावर गेली, आणि त्याच भिंतींआड पोरं पत्र्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन शिरली. जालन्याची, परभणीची, बीडची. त्यांच्या आयांनी एसटीच्या ड्रायव्हरकडं दिलेले डबे वाटेतच आंबायचे. एक पोरगं आमच्या चुलीपाशी येऊन नुसतंच उभं राहिलं. तिनं विचारलं, "काय रे?" ते म्हणालं, "काय नाय, वास आला." झाली मेस सुरू. गेटाच्या बाहेर, बेगमपुऱ्याच्या अंगाला, पत्र्याच्या दोन खोल्या. जन्म तिथंच गेला.

मेसचा एक नियम सांगतो, त्याच्यावाचून पुढचं कळायचं नाही. पोरगं उद्या जेवायला येणार नसलं, तर त्यानं आज संध्याकाळी सांगायचं. त्याला खाडा म्हणतात. खाडा सांगितला की त्याचं जेवण होत नाही आणि तो दिवस पुढं महिन्याला जोडून मिळतो. नाही सांगितला तर ताट होणार. पोरगं येवो न येवो, पैसे लागणार.

बाकीच्या मेसवाल्यांना ते सोयीचं होतं. आमच्या बाईनं त्याचा धर्म करून ठेवला. न सांगता कुणी गायब झालं, की त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची, अन् चार वाजेपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही.

"अगं, ते गावाला गेलं असंल."

"सांगितलं नाय म्हंजे यायचंय त्याला."

"विसरला असंल."

"जेवायला कुणी विसरतं का?"

जेवण तयार झालं की दारात जाऊन हॉस्टेलकडं तोंड करून हाक मारायची, "ताटं वाढलीत रेऽ, येता का गार करता?" शेजारची मेस होती, तिथं घंटी होती. आमच्याकडं ही. मी जन्मात कधी ती हाक मारली नाही. मला लाज वाटायची.

आम्हाला मूल झालं नाही. नवस, डॉक्टर, सगळं करून झालं. मग ती गप्प झाली आणि पोरांना "माझी पोरं" म्हणायला लागली. मी म्हणायचो, पोरं नाहीत, गिऱ्हाईक आहेत. आमचं सगळं भांडण एवढ्यावरच. दुसऱ्या कशावरून आम्ही भांडल्याचं मला आठवत नाही.

माझं म्हणणं खरं असल्याचे दाखले मी तिला नेहमी द्यायचो. एक पोरगं आमच्याकडं जेवून जेवून साहेब झालं. पुढं गाडीतून गेटासमोरून गेलं, काच वर. ही हात वर करून उभी. म्हणाली, "घाईत असंल." दुसरा इथंच शिकवायला लागला. तो मला बघून मान हलवायचा, जशी शिपायाला हलवतात. तिला म्हटलं, "हा बघ तुझा दुसरा." तर म्हणाली, "तुम्ही तोंड असं करून उभे राहता, मग कोण बोलंल?"

आंदोलनं तर विचारू नका. फी वाढली की आंदोलन, परीक्षा पुढं गेली तरी आंदोलन, मागं आली तरी आंदोलन. एकदा गेटावर मंडप टाकून पोरं उपोषणाला बसली. पुढं भाषणं, घोषणा, गळ्यात हार. अन् एकेक जण लघवीला जातो म्हणून उठायचा, तो आमच्या मागच्या दारानं आत. ही चुलीपाशी भाकरी कुस्करून दूध घालून तयार. मी म्हटलं, "हे कसलं उपोषण?" तर पुढारी तोंड पुसत म्हणाला, "काका, हे साखळी उपोषण आहे. मी जेवतो तेव्हा दुसरा उपाशी असतो." ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मला हसू आलं नाही. शेवटी त्याच पुढाऱ्यानं पुढच्या साली आमच्या खोल्या अतिक्रमणात आहेत म्हणून अर्ज केला.

या शेवटच्या काही वर्षांत एक पोरगा होता, अजिंठ्याकडचा. पोरगा कसला, टक्कल पडायला आलेलं, पण पीएचडी चालू. खेड्यातल्या अंधश्रद्धा, हा त्याचा अभ्यास. हातात कायम पिशवी, पिशवीत कायम झेरॉक्स. बाकीची पोरं तिला मावशी म्हणायची. हा आई म्हणायचा. त्या एका शब्दावर त्यानं रविवारच्या संध्याकाळची भाकरी मिळवली. मेस बंद, तरी त्याच्यापुरतं पिठलं व्हायचं. मी कुरकुर केली की म्हणायची, "तुम्ही बसा मोजत. मी गेले ना, तर माझ्या भाऊबंदाला हात लावू देऊ नका. माझी पोरं नेतील मला. बघा."

"कोण येतंय."

"आली तर काय कराल?"

"तुझ्यासारखं दारात उभं राहून बोंबलीन."

हे ती मस्करीत घ्यायची. मीही.

तर त्या रविवारी ती गेली. तो अजिंठ्याचा नेमका त्या दिवशी मित्राच्या साखरपुड्याला गेला होता, म्हणून पिठलं व्हायचं नव्हतं. समोरच्या झेरॉक्सवाल्यानं फोनाफोनी केली. तिचा भाऊ कन्नडहून जीप करून पहाटेच आला. सोमवारी सकाळी तिरडी बांधून झाली. मी म्हटलं, थांबा. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आता कुणाची वाट बघायची?" मी रस्त्याकडं बघितलं.

पोरं आली होती. समोर झेरॉक्सच्या दुकानापाशी, मोटरसायकलींवर, पाठीला सॅका. सगळी आमची. पण रस्ता ओलांडून अलीकडं एकही येईना. मग मीच ओलांडून गेलो. माझ्या आयुष्यात मी गिऱ्हाइकापुढं हात जोडले नव्हते. अजिंठ्याच्याला म्हटलं, "चल बाबा. तिची इच्छा होती."

त्यानं खाली बघितलं. "काका, माझे आई-वडील हयात आहेत."

"असू देत. शंभर वर्षं जगू देत."

"तसं नाही. हयात असताना खांदा द्यायचा नसतो. आईनं आत्ताच फोन करून सांगितलं. मी नाही मानत काका, पण ती मानते."

"आणि तुम्ही रे?" मी बाकीच्यांना विचारलं.

एकाचा अकराचा पेपर होता. एकाच्या बहिणीचं लग्न ठरलेलं. एकजण म्हणाला, "काका, आम्ही गाड्यांवरून मागून येतो ना." एक पोरगी होती, डबा न्यायची, ती एकटीच रडत होती. पण तिला कोण खांद्याला लावणार?

मी परत आलो. माझ्या हातात मडकं. खांद्याला पुढं मेव्हणा आणि त्याचा पोरगा लागले, मागं झेरॉक्सवाला. चौथा माणूस मिळेना. कोपऱ्यावरचा रिक्षावाला, बेगमपुऱ्यातला, आमच्याकडं कधी पाणी प्यायला थांबायचा, तो रिक्षा लावून आला. म्हणाला, "चलो चाचा, मैं लगाता हाथ. चाची का पानी पिया है." मेव्हण्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "लाव बाबा."

पोरं गाड्यांवरून स्मशानापर्यंत आली नाहीत. निम्म्या वाटेपर्यंत आवाज येत होता, मग नाही.

म्हणजे मी जिंकलो. जन्मभर जे म्हणत आलो ते खरं झालं, आणि ज्या बाईला दाखवायचं ती मागं बांबूवर. असं जिंकणं वैऱ्याला मिळू नये.

संध्याकाळी मी दारात बसलो. सुतक होतं, चूल बंद. मेव्हण्याच्या ओळखीच्या घरातून खिचडी आली होती, ती तशीच पडली. पोरांची खाडा सांगायची वेळ झाली. मला वाटलं, येतील. दोन शब्द बोलतील, नाहीतर निदान म्हणतील, काका, उद्यापासून नाही. पोरं आली, पण समोरच्या फुटपाथनं गेली, घंटीवाल्या मेसकडं. माझ्याकडं बघू नये म्हणून सगळ्यांनी एकदम मोबाइल काढले. त्या पोरांत एवढी एकी मी आंदोलनातही बघितली नव्हती.

खाडा कुणी सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाहेर आलो तर कोपऱ्यावरच्या खांबाला फ्लेक्स. रातोरात लावलेला. वर मोठ्या अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'आमचे मातृछत्र हरपले'. चौथीपर्यंतची अक्षरं मला पुरली. मधे तिचा फोटो, कुठल्यातरी गॅदरिंगला काढलेला. हातातली पळी कापून टाकली होती. आणि खाली शोकाकुल म्हणून पोरांची तोंडं, ओळीनं. काल पेपर असलेलं तोंड, बहिणीचं लग्न ठरलेलं तोंड. सगळ्यात मोठा अजिंठ्याचा, गॉगल लावून, हात जोडून. तिच्यापेक्षा मोठा.

मेव्हणा मागून आला. त्यानं वाचलं. त्याचे डोळे भरले. म्हणाला, "दाजी, केवढं प्रेम होतं पोरांचं."

मी घरात जाऊन विळा आणला. खांबाच्या दोऱ्या कापल्या, फ्लेक्स खाली ओढला. गुंडाळून काखेत मारला आणि आत जाऊन चूल पेटवली.

"दाजी, अवो सुतकात चूल? तिचं दहावं व्हायचंय. लोक काय म्हणतील?"

"लोकांनी खाडा सांगितला नाय."

"कसला खाडा?"

त्याला कुठं समजावत बसू. फडक्यातली अंबाडी काढली. कडेची पानं काळी पडली होती, ती टाकली. एक पिवळं सापडलं, तेही टाकलं. भाजी शिजवली, कण्या घातल्या, लसणाची फोडणी दिली. मीठ किती घालायचं ते मला कधीच माहीत नव्हतं, तिचा हात चालायचा. अंदाजानं घातलं. भाकरी मला थापता येत नाही, तुटक्या-मुटक्या झाल्या. मेव्हणा तोंड फिरवून बाहेर बसला.

मग मेसच्या खोलीत फ्लेक्स उलगडला. विळ्यानं तिचा फोटो तेवढा कापून घेतला, भिंतीला टेकवला. उरलेला जमिनीवर अंथरला, पंगतीला. उलटा नाही, सुलटा. तोंडं वर राहू दिली. ज्याला बसायचं त्यानं आपापल्यावर बसावं.

पहिलं ताट तिचं वाढलं. तिनं तरी कुठं आदल्या दिवशी सांगितलं होतं? तिचाच नियम. ते झाकून तिच्या पाटापाशी ठेवलं. मग बाकीची वाढली, जेवढी रोज वाढायची तेवढी. पोरं आली नव्हती आणि येणार नव्हती, हे मला मेव्हण्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मग मी दारात गेलो. समोर पोरं चहाच्या गाडीवर उभी होती. हॉस्टेलकडं तोंड केलं. खाकरलो, आणि होता तेवढा जोर लावून बोंबललो,

"ताटं वाढलीत रेऽ! येता का गार करता?"