पुलाखालचा पहिला मासा

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांची आणि माझी ओळख त्यांच्या दुकानात झाली. त्यांनी शिवलेल्या कपड्यांना काजे करण्याचे व बटणे लावण्याचे काम मी पुष्कळ वर्षे केले. माझी जागा खिडकीखाली होती, त्यांचे यंत्र समोर होते, आणि मास्तरांना काम करताना कापडाशी बोलण्याची सवय होती. त्यामुळे त्यांच्या मनातले जे आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकसाहेबांना ठाऊक नव्हते, ते मला ठाऊक झाले. पुढे त्यांनी स्वतःच ते चारचौघांत सांगितले, म्हणून ते येथे लिहिण्यास हरकत नाही असे मी समजते.

मास्तरांचा जीव दोन ठिकाणी होता, प्रभूच्या ठायी आणि गळाच्या टोकाशी. शनिवारी सकाळी दुकानाला कुलूप लागे आणि ते पुलाखालच्या दगडी पायऱ्यांवर जाऊन बसत. प्रभूने आपले पहिले सोबती मासे धरणाऱ्यांतून निवडले ते उगीच नव्हे, असे ते म्हणत. ज्याला रिकाम्या पाण्याकडे पाहत आशा धरून बसता येते, त्याला विश्वास म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

मंडळीतली आणखी काही माणसे त्यांच्याबरोबर बसत, आणि त्यांच्यात मास्तरांनीच एक रीत पाडली होती. त्या दिवशीचा पहिला मासा मंडळीतल्या आजारी माणसाच्या घरी जायचा. ज्याच्या गळाला तो लागेल त्याने तो स्वतः न्यायचा, साफ करून द्यायचा, खाटेजवळ बसून प्रार्थना करायची, आणि रविवारी उपासनेच्या शेवटी उभे राहून सर्वांना धीराचे दोन शब्द सांगायचे. पहिला मासा बहुतेक मास्तरांनाच लागे. त्यामुळे रविवारची ती जागाही त्यांचीच आहे, असे सर्वांना वाटू लागले होते आणि मास्तरांना तर त्याची खात्रीच होती.

मग पाववाला आला.

तो परगावाहून आला आणि प्रार्थनामंदिराच्या गल्लीत त्याने भट्टी घेतली. पहिल्याच शनिवारी तो पुलाखाली हजर झाला तो एक वेडीवाकडी काठी घेऊन. तिला साधा दोरा बांधलेला, आणि ओल्या फडक्यात मळलेल्या पिठाचा गोळा. तो नीट टेकलाही नव्हता, तोच त्याच्या दोऱ्याचे बूच पाण्यात बुडाले.

"मास्तर, तुम्हीही घ्या ना थोडं पीठ," तो म्हणाला. "पहाटेचंच मळलंय. माशांना फार आवडतं."

"माझे मासे गांडूळ खातात," मास्तर म्हणाले.

"मग तुमच्या माशांचा आज उपास दिसतोय!" पलीकडच्या पायरीवरून सुतार ओरडला, आणि सगळे हसले.

ते हसणे मास्तरांच्या काळजात गळासारखे अडकले. पुढच्या शनिवारीही पहिला मासा पाववाल्याचा, त्याच्या पुढच्याही. दर वेळी तो पिठाचा गोळा पुढे करी आणि दर वेळी मास्तर मान फिरवीत. रविवारी पाववाला उभा राही, अडखळत बोले, मध्येच नाक पुसे, आणि पुढच्या बाकावरच्या बाया पदर डोळ्यांना लावीत.

सोमवारी मास्तर कापडाशी बोलत. "रिकाम्या पाण्याकडे बघत आशा धरावी म्हणे! वाक्य कुणाचं? माझं. आणि रडतात कुणासाठी? त्याच्यासाठी. बी पेरायचं मी, आणि कणसं खुडायची ह्यानं!"

त्यांनी त्याच्याकडचा पाव बंद केला. लांबच्या चौकातून ते पाव आणू लागले आणि तो विटेसारखा असे.

"अहो, दात पडायची वेळ आली माझी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माशांचा राग माझ्या जबड्यावर का काढताय?"

"चावून खायची सवय असावी माणसाला."

"सवय आहे हो. इतकी वर्षं तुमचा स्वभाव चावतेच आहे."

त्यातच एके दिवशी पाववाला दुकानात आला. रविवारी सर्वांसमोर उभे राहायचे तर अंगावर धड कोट नाही, मास्तरांशिवाय कुणाच्या हातचा घालणार नाही, असे म्हणाला. मास्तरांनी फीत काढून माप घेतले. छाती आपल्यापेक्षा रुंद भरली, तेही त्यांना खुपले. एक बाही आखूड करावी असा विचार त्यांच्या मनात आला होता, परंतु हातांनी ऐकले नाही. हातांना वाईट शिवणे माहीतच नव्हते. कोट असा उतरला की रविवारी जो तो म्हणे, "पाववाला आज किती शोभतोय!" शिंप्याचे नाव कुणी काढले नाही. स्वतःच शिवलेल्या कोटाचा हेवा करणारा माणूस मी तेव्हा प्रथम पाहिला.

त्याच सुमारास मासळीवाली मावशी अंथरुणाला खिळली. ती मंडळीतली सर्वांत वृद्ध बाई. तिचा सारा जन्म बाजारात मासे विकण्यात गेला होता आणि लहानथोर सर्वांना तिने कधी ना कधी दटावलेले होते. शनिवारचा मासा आता तिच्याकडे जाणार होता. मावशीच्या खाटेजवळ बसून आलेल्या माणसाचे शब्द सारी मंडळी कान देऊन ऐकेल, हे मास्तर जाणून होते. गेलेली जागा परत मिळवायची तर याच शनिवारी, असे त्यांनी मनाशी ठरवले.

त्या शनिवारी पाववाला आला नाही. भट्टीच्या आतल्या विटा ढासळल्या होत्या. मास्तरांनी ते ऐकून डोळे मिटले आणि प्रार्थना केली. ती भट्टी लवकर दुरुस्त व्हावी अशी नव्हती.

परंतु नदीने कुणालाच काही दिले नाही. ऊन चढले, तशी माणसे उठू लागली.

"मासाच नाही, तर मावशीकडे आज जायचं नाही," सुतार काठीला दोरा गुंडाळत म्हणाला. "चला मास्तर."

"तुम्ही व्हा पुढे. मी बसतो जरा."

सगळे दिसेनासे झाल्यावर मास्तर उठले आणि तडक बाजारात गेले. तेथे त्यांनी सर्वांत चकचकीत मासा निवडला, नदीवर नेऊन धुतला, आणि कुणाला शंका नको म्हणून आपला गळ त्याच्या ओठात टोचून ठेवला.

मावशीची खोली जिन्याखाली होती. खाट, औषधाच्या बाटल्या, एक स्टूल, आणि मास्तरांनीच शिवलेला खिडकीचा पडदा. मास्तरांनी मासा पुढे धरला.

"मावशी, प्रभूच्या कृपेनं आजचा पहिला मासा."

मावशीने तो हातात घेतला आणि कल्ला उचलून बोट आत घातले.

"मास्तर, आपल्या नदीत बर्फ कधी पडला रे?"

"म्हणजे?"

"ह्याच्या कल्ल्यात अजून खडा आहे बर्फाचा. आणि हा समुद्राचा आहे. इतक्या लांब पोहत आला, ते तुझा गळ गिळायला?" ती हसू लागली, आणि हसता हसता तिला इतका खोकला आला की मास्तरांना तिची पाठ चोळावी लागली. "अरे, कुणाला फसवतोस? बाजारातल्या बाईला बाजारातला मासा?"

मास्तर स्टुलावर बसले. सोंग उघडे पडल्यावर त्यांना आवरेना.

"तो माझ्यामागून आला, मावशी. वाकडी काठी घेऊन आला. मासे त्याला, माणसं त्याला, शब्दसुद्धा माझेच त्याला. मग मी काय केलं इतकी वर्षं?"

"मला वाचता येत नाही," मावशी म्हणाली, "पण ऐकलेलं विसरत नाही मी. प्रभूनं किनाऱ्यावर मासे भाजले, सगळ्यांना जेवू घातलं. मग आपल्या शिष्याला, पेत्राला म्हणाला, चल माझ्यामागे. तर हा मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे बघतो आणि विचारतो, आणि ह्याचं काय? प्रभू म्हणाला, त्याचं तुला काय करायचंय? तू चल. कुणी सांगितली ही गोष्ट आम्हाला?"

मास्तर खाली पाहू लागले. ती त्यांनीच सांगितली होती, रविवारच्या त्याच जागेवर उभे राहून, एकदा नव्हे तर अनेकदा.

"आणखी एक ऐक. मासा लागला नाही तर माणसानं यायचंच नाही, हा नियम कुणाचा? मागच्या आजारपणात कितीतरी शनिवार मी दाराकडे बघत काढले. मला मासा काय करायचाय? जन्मभर मासेच बघितले. आता गळ काढ त्याच्या तोंडातून आणि चूल पेटव. आणलाच आहेस, तर खाऊ या."

मास्तरांनी मावशीकडे मासा नेल्याचे गल्लीभर झाले होते, म्हणून रविवारी पाळकसाहेबांनी त्यांना पुढे बोलावले. गेलेली जागा पायांखाली होती, सारी मंडळी समोर होती. मास्तरांनी घसा साफ केला.

"मी मावशीकडे नेलेला मासा बाजारातला होता," ते म्हणाले. "नदीनं मला काही दिलं नव्हतं, आणि पाववाल्याचा मला हेवा वाटत होता. मावशी म्हणते, मासा लागो न लागो, आजाऱ्याकडे माणूस गेला पाहिजे. रीत मी पाडली होती, ती मीच बदलतो. आमेन."

मग सुतार फिसकन हसला आणि त्याच्यामागून सगळी मंडळी. पाववाला तो कोट घालून बसला होता. तो सर्वांत मोकळेपणाने हसला, आणि याला हसणेही आपल्यापेक्षा चांगले येते, असे मास्तरांना लगेच वाटून गेले. मत्सर हे चिवट तण आहे, एका रविवारात उपटून निघत नाही.

तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी ते लांबच्या चौकाकडे वळले नाहीत. ते गल्लीतल्या भट्टीपाशी जाऊन उभे राहिले. नव्या विटा बसल्या होत्या, आणि पाववाला कोपरापर्यंत पिठात होता. मास्तरीणबाईंसाठी त्यांनी मऊ पाव मागितला. पाव कागदात बांधून झाला तरी ते हलेनात.

"आणखी काही हवं का, मास्तर?"

मास्तरांनी पाव एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"शनिवारी," ते म्हणाले, "मूठभर पीठ माझ्यासाठीही ठेव."