हातावरची तुळस

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही — देवापुढं हात जोडतानाही नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, लिहायचा सराव नाही. पण तोंडानं सांगायला गेले तर पुन्हा खोटंच बोलेन, म्हणून लिहिते.

सुमी माझी धाकटी बहीण, आणि जाऊही. गुंजी गावच्या आम्ही दोघी पिरनवाडीत एकाच घरात दिल्या. लहानपणी आईनं दोघींच्या हातावर, कोपराखाली, तुळस गोंदवून घेतली होती. अगदी सारखी.

आमच्या घराजवळच एक बाई मातीच्या मूर्ती घडवतात. जुन्या देवळांच्या भिंतीवर दगडाच्या बायका असतात ना, कंबर एका अंगाला टाकून उभ्या — तशा. पण आजच्या, कामाला जाणाऱ्या. सकाळी मी त्यांची माती मळायला जायची, दुपारी सुमी झाडलोट करायला. एकदा बाईंनी मला विचारलं, उभी राहशील का? पाठमोरी, पाठ उघडी ठेवून. मी राहिले. का राहिले? लाज वाटत होती — आणि बरंही वाटत होतं. इतकं निरखून मला कधी कुणी बघितलं होतं?

बाईंनी तोंड घडवलंच नाही. जुन्या मूर्तींचंही झिजलेलंच असतं, म्हणाल्या. मला सुटल्यासारखं वाटलं. उचललेल्या हातावर त्यांनी तुळस कोरली, ते ध्यानातच आलं नाही.

पुढं ती मूर्ती प्रदर्शनात मांडली, तिचा फोटो शेजारणीनं सासूबाईंना मोबाइलवर दाखवला. मी भाकरी थापत होते, सुमी कांदा चिरत होती.

"ही तुळस आमच्याच घरातली हाय. कोण उभारलीती अशी?"

"मी न्हाय, आत्ती."

एवढंच बोलले. सुमीचं नाव मी घेतलं नाही — असं मनाला किती वेळा समजावलं. पण घरात ती तुळस आणखी कुणाच्या हातावर होती?

सुमीनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग खाली मान घालून म्हणाली, "आक्काला कशाला इचारतासा? मीच ती."

तेव्हा तरी मी बोलायचं होतं. मी भाकरी तव्यावर टाकली.

दीर तिला माहेरी, गुंजीला, सोडून आला. दिवाळीनंतर परत आणली, पण तो तिच्याशी पूर्वीसारखा बोलत नाही. तिचं काम कायमचं सुटलं. बाईंना मी सांगितलं, तिला झेपत नाही. तेही खोटंच. मी अजून माती मळायला जाते.

सुमी आता मनगटापर्यंतच्या बाह्यांची झंपरं घालते, भर उन्हाळ्यातसुद्धा. मी आखूड बाह्यांचीच घालते. माझ्या तुळशीकडं कुणी बघत नाही.