म्हशीला दोन बादल्या

काटा दोन किलो दोनशेवर थांबला. मी झोळी सोडली, पुन्हा अडकवली. तेवढाच. बाळ बारा दिवसांचं आणि जन्मलं तेव्हा दोन किलो चारशे. पहिल्या काही दिवसांत बाळं थोडी उतरतात, पण एव्हाना वजन भरून यायला लागतं. हे उतरलेलंच होतं.

"बगा, मी म्हन्ले न्हवते?" कौसाबाई म्हणाल्या. "हिला दूधच न्हाई. रातभर लेकरू चिकटून ऱ्हातंय आन् पोट काय भरत न्हाई. डबा लिहून द्या, सिस्टर."

डबा म्हणजे पावडरचं दूध. कौसाबाई मनीषाच्या सासूबाई. मनीषाचा नवरा ऊसतोडीला गेलेला, आईबापही दुसऱ्या कारखान्यावर. म्हणून पहिलं बाळंतपण सासरी. मी तेव्हा नांदूरघाटकडच्या एका उपकेंद्रात नर्स होते, ही वस्ती माझ्याकडे होती. दुष्काळाचं वर्ष. टँकर एक दिवसाआड यायचा. त्या पाण्यात बाटली कोण उकळणार? हगवणीनं सुकलेली बाळं मी पाहिली होती. मला डब्याची भीती वाटत होती.

"रात्री किती वेळ पितं गं?"

"अकराला घेतलं की दोन वाजत्यात," मनीषा म्हणाली. "खाली ठिवलं की रडतंय. काल बसल्या बसल्या माजा डोळा लागला. मांडीवरून घरंगळलं. खाली गोधडी व्हती म्हणून..." पोरगी जेमतेम विशीची.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला.

"सिस्टर, डबा सुरू करा, नाहीतर सरळ पाठवून द्या."

"सर, लघवी होतेय, ताप नाही, अंग पिवळं नाही. मला एक फीड बघू द्या."

"बघा. रोज जाऊन बघायचं. चौथ्या दिवशी काटा हलला नाही, तर बाळ इकडे."

मी मांडी घालून बसले. मनीषानं बाळ घेतलं. टोपी, मोजे, झबलं, दोन दुपटी, वरून लोकरीची शाल. मार्चमधली दुपार आणि डोक्यावर पत्रे. बाळ चार घोट प्यायलं आणि झोपलं. तोंडात धरलेलं, पण गिळणं बंद. पाच मिनिटांनी हललं, दोन घोट, पुन्हा झोप. उकाड्यानं पेंगलेलं लेकरू रात्रभर हेच करत होतं. तीन तासांत खरं पिणं पंधरा मिनिटांचं.

"एवढं का गुंडाळलंय, मावशी?"

"आता घ्या! तुमीच सांगितलं की. वजन कमी हाय, ऊब द्या म्हणून."

सांगितलं होतं. जन्मलं त्या पहाटे गारवा होता. दुपारी काढा, हे सांगायचं राहून गेलं. मला लाज वाटली. ती मी खोकून लपवली.

शाल काढली, टोपी काढली. घोट थांबले की तळपायाला बोटानं गुदगुल्या. तरी पेंगलं तर दुसऱ्या बाजूला घ्यायचं. वीस मिनिटांत पोट भरून बाळानं आपणहून सोडलं. रात्री कुशीवर आडवं होऊन कसं पाजायचं, तेही करून दाखवलं. मांडीवरून पडायची धास्ती संपली.

मनीषानं कोरडे ओठ चाटले आणि सासूकडे पाहिलं.

"पानी पिऊ का, आत्या?"

बाळंतिणीनं पाणी प्यायलं की पोट सुटतं, असं इकडं मानतात. वर टँकरचं पाणी. मी फाडकन बोलणार होते, माझी जीभ तशी तिखटच. पण दारातल्या म्हशीकडे लक्ष गेलं. कौसाबाई पहाटे दूध घेऊन सोसायटीच्या डेअरीवर जायच्या.

"मावशी, म्हशीला पाणी किती देता?"

"दोन टायमाला दोन बादल्या. न्हाईतर पान्हा कसा सोडंल ती?"

"आणि हिला?"

"दिसाला तांब्याभर..."

बोलून गेल्या आणि थांबल्या. पदर सारखा केला. मी पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी मनीषाच्या उशाशी कळशी होती. रात्रीचं पाजून झालं की बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढायचं काम कौसाबाईंनी स्वतःकडे घेतलं होतं. पहाटे उठून डेअरी, त्यात आता रात्रीचीही झोपमोड. त्याबद्दल माझ्याजवळ तक्रार करून घेतली. चौथ्या दिवशी काटा दोन किलो तीनशेच्या पुढं गेला. मला इतका आनंद झाला की झोळीतल्या बाळाचाच मुका घेतला.

"डबा कोणता दिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"टोपी काढली, सर."

निघताना कौसाबाई दारापर्यंत आल्या. "डेअरीवर इचारत व्हते, दूध कावून कमी भरलं. म्हन्लं, म्हशीची एक बादली आता घरातच लागती."

तेव्हापासून ऊब द्या म्हणताना ती कधी काढायची, तेही सांगते. आणि बाळंतिणीच्या घरी गेले की आधी काटा काढत नाही. जरा पाणी द्या म्हणते. कितीही टंचाई असो, आल्यागेल्याला नाही म्हणत नाहीत. तांब्या आला की बाळंतिणीच्या हातात देते आणि ती पिईपर्यंत समोर बसून राहते.