होळीला या

चोपड्याजवळच्या आमच्या गावात पहिला टॉवर आला तेव्हा मी सरपंच होतो. कंपनीची माणसं दिवाळीनंतर जागा पाहायला आली. डोंगराखालचा पाडा ओस होता, कारण सगळे ऊसतोडीला गुजरातेत गेले होते. हे ठाऊक असूनही मी म्हणालो, "तिथे कोणी राहत नाही," आणि टॉवर गावात घेतला. पाड्यावरची माणसं फोन लावायला टेकडी चढू लागली.

यंदा दुसऱ्या टॉवरसाठी माणसं पुन्हा दिवाळीनंतरच आली. मी ठणकावून सांगितलं, "होळीला या."

होळीला पाडा गजबजला होता. ढोलाच्या आवाजात एक म्हातारी जमलेल्या सगळ्यांकडे हात करून मला म्हणाली, "यंदा दिसनूत का, नाना? आम्ही बठ्ठा आठेच शेतस."

कंपनीच्या साहेबाला रेंज मिळेना. टेकडी चढून, धापा टाकत त्याने वरिष्ठांना कळवलं, "जागा पाड्यावरच."