दोन बादल्यांचं सोवळं

आमच्या साडूंइतका मोटारीला जपणारा माणूस उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि एका जिल्ह्याला असा एक पुरे होतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तसे ते अगदी देवमाणूस, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. पण त्यांच्या काळ्या कुळकुळीत गाडीपासून हातभर अंतरावर कुणी आलं, की हाच देवमाणूस असा काही बघायला लागतो, की समोरचा आपोआप हात पाठीमागं बांधून उभा राहतो. गाडी घरी आली त्या दिवशी मी विचारलं होतं, काळाच रंग कशाला घेतला? "काळ्यावर ओरखडा लगीच दिसतोय," ते म्हणाले. ज्या गोष्टीची धास्ती, ती ठळक दिसावी म्हणून हौसेनं सोय करून घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

रविवारी सकाळी ऊन अंगणात उतरायच्या आत त्या गाडीची आंघोळ असते. त्या वेळी त्यांच्या घरी चुकूनही जाऊ नये. हातातली अंगठी, घड्याळ, कमरेचा पट्टा, बटणांचा सदरा, सगळं उतरवून साडू बनियन आणि नाडीच्या चड्डीवर उभे असतात. आधी नुसतं पाणी. धूळ भिजून मऊ झाल्याशिवाय हात लावायचा नाही. मग दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं शाम्पूत बुडवायचं, टपावरून खाली एक सरळ हात मारायचा, ते साध्या पाण्यात खळबळून माती सोडवायची आणि मगच पुन्हा शाम्पूत घालायचं. साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी मेहुणीबाईंच्या मोदकपात्राची जाळी. सुटलेली माती जाळीखाली बसावी, फडक्याला परत चिकटू नये म्हणून. गेल्या कित्येक चतुर्थ्या त्या घरात मोदक तळून होतात. चाकांचं फडकं वेगळं, आणि ते बाकीच्या फडक्यांना शिवता कामा नये. जमिनीवर पडलेलं फडकं तर बाटलंच. एकदा मी पडलेलं फडकं नुसतं झटकून त्यांच्या हातात दिलं, तर ते विस्तव दिल्यासारखे दोन पावलं मागं सरकले. "त्यात एक खडा असंल तर?" मी म्हटलं, दिसत तर नाही. "दिसत न्हाई म्हणूनच की!"

देवाधर्मालाही यातून सूट नव्हती. खंडेनवमीला सगळं गाव आपापल्या गाड्यांच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतं, हार बांधतं. साडू कुंकवाचं बोट फक्त नंबरप्लेटला लावतात. "देवाला हितनंबी पोचतंय," असं गुरुजींना तोंडावर सांगितलेलं मी ऐकलं आहे. पेट्रोलपंपावरचा माणूस कळकट फडकं घेऊन काच पुसायला पुढं झाला, तर ते खिडकीतून असे ओरडले, की शेजारच्या रिक्षावाल्यानं पंपाला आग लागली असं समजून रिक्षातून उडी मारली. या सगळ्याला आम्ही हसत होतो. पण हसणं थांबावं असंही एकदा घडलं.

त्यांची मुलगी प्राजू लग्नाची झाली होती. पहिलं स्थळ शहरातलंच, चांगलं शिकलेलं. बघणं झालं, चहा झाला, मंडळी निघताना अंगणात बोलत उभी राहिली. बोलता बोलता मुलगा साडूंच्या गाडीला टेकला. त्याच्या जीनच्या मागच्या खिशांना पितळी बटणं होती. ती माझ्याही ध्यानात आली. मी काही करायच्या आत साडूंचा आवाज आला, "ए, उठ तिथनं!" अजून अहो-जाहोवर होतो आम्ही. मुलगा उठला, आणि त्याच्याबरोबर ते स्थळही उठलं. जाताना मुलाची आई म्हणाली, "पोरीपेक्षा गाडीला जास्त जपत्यात वाटतं." प्राजू दारातच उभी होती. त्या दिवसापासून ती त्या गाडीत बसेना. बसनं कामावर जायची.

वर्षभरानं दुसरं स्थळ आलं, गडहिंग्लजच्या पलीकडच्या एका गावातलं. मुलगा कागलच्या एमआयडीसीत नोकरीला, घरी शेती आणि म्हशी. प्राजूला मुलगा मनापासून आवडला होता. घर बघायला आणि जमलं तर तिथंच सुपारी फोडायला आम्ही निघालो, तेव्हा ती गाडीत बसण्याआधी वडिलांपुढं उभी राहिली. "पप्पा, आज गाडीवरनं एक शब्द बोललासा तर मी जन्मात लग्न करणार न्हाई." साडूंनी नुसती मान हलवली.

रस्ताभर त्यांनी काय सोसलं ते शेजारी बसून मी पाहिलं. उसाचा हंगाम होता. ट्रॅक्टरांनी शेतातला चिखल डांबरावर आणून ठेवलेला, आणि पुढच्या ट्रॉलीतून उसाची वाढी, शेंड्याकडची पाती, दोन्ही अंगांना लोंबत होती. ती दाराला घासतील म्हणून साडू ओव्हरटेक करेनात, मागनं एसटी हॉर्न वाजवून वाजवून थकली. आम्ही पोचलो तेव्हा गाडी खिडकीपर्यंत चिखलानं माखली होती आणि साडूंचं तोंड सुतकी झालं होतं. पण शब्द पाळायचा म्हणून गाडीकडं न बघता ते तडक घरात शिरले.

घर मोठं, माणसं मोकळी. मुलाच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणत. त्यांनी आम्हाला पाटावर बसवलं, ताटात खपली गव्हाची खीर आली, आणि आप्पा "तुम्ही जेवा निवांत, मी जरा भाईर बघून आलो" म्हणून उठून गेले. साडू भिंतीकडं तोंड करून बसले होते. माझं तोंड खिडकीकडं होतं. चार घास पोटात गेले असतील नसतील, तोच मला खिडकीतून आप्पा दिसले. आप्पांनी धोतर वर खोचलं होतं. एका हातात बादली, दुसऱ्या हातात नारळाच्या शेंडीचा गोळा, ज्यानं म्हशी घासतात तो. आणि ते आमच्या गाडीला साबण लावत होते.

मागाहून कळलं, ती त्या घरची रीत होती. पावण्याचे बैल धुवून, वैरण घालूनच परत लावून द्यायचे, असं आप्पांच्या वडिलांपासून चालत आलेलं. बैल गेले, मोटारी आल्या, रीत तीच राहिली. पण त्या क्षणी मला फक्त तो शेंडीचा गोळा दिसत होता. तो वाळल्या चिखलावरून गोल गोल फिरत होता. मी जोरजोरात बोलायला लागलो. पाऊस, ऊसदर, दुधाचा फॅट, सुचेल ते. नको असताना खीर दोनदा मागून घेतली. मुलाच्या आईच्या हाताखाली वाढायला आलेल्या प्राजूची नजर माझ्या नजरेमागून खिडकीबाहेर गेली आणि तिच्या हातातली पळी तिथंच थांबली. मी गप्प झालो, आणि नेमका त्या शांततेत आवाज आला. खर्र, खर्र.

साडूंचा हात ताटातच थांबला. "काय वाजतंय?"

"काय न्हाई ओ," मुलाची आई कौतुकानं म्हणाली, "आमचं मालक तुमची गाडी धुवाय लागल्यात."

साडू उष्ट्या हातानं उठले. त्यांच्यामागं मी, माझ्यामागं मेहुणीबाई, प्राजू, सगळेच. दारात जाऊन ते उभे राहिले. आप्पा तेव्हा बाजूचा आरसा घासत होते, म्हशीच्या कानासारखा पुढून, मागून, आतल्या बाजूनं. सवयीनं तोंडानं पुटपुटतही होते, "हलू नगं, हलू नगं, झालं." मग त्यांनी वर पाहिलं आणि साडूंचा चेहरा बघून हातातला गोळा खाली घेतला. "का ओ पावणं? काय चुकलं काय?"

प्राजूनं माझा दंड घट्ट धरला होता. साडू गाडीकडं बघत होते. मग बादलीकडं बघायला लागले. बादलीतून वाफ येत होती.

"न्हाई," ते म्हणाले. "काय चुकलं न्हाई. पाणी कढत केलंय व्हय?"

"कोमट हाय. थंडीचं दिवस न्हवं का. म्हशीला बी थंड घालत न्हाई मी. आन् दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई, माझी मीच धुतो."

साडूंनी तिथल्याच पाण्यात उष्टा हात धुतला, पँट गुडघ्यापर्यंत सारली आणि दुसऱ्या बाजूला जाऊन तांब्यानं पाणी ओतायला सुरुवात केली. दोघांनी मिळून ती गाडी धुतली. मग आत येऊन सुपारी फोडली.

परतताना ऊन तिरपं झालं होतं आणि बॉनेटवर गोल गोल ओरखडे लखलखत होते. कागल मागं पडलं तरी साडू बोलेनात. शेवटी प्राजूच मागनं म्हणाली, "पप्पा, ओरडा की आता. हितं कोण न्हाई."

ते म्हणाले, "माणसानं पाणी कोमट करून घेतलं, प्राजू. परक्याच्या गाडीला." एवढंच. ते ओरखडे त्यांनी आठवण म्हणून जपून ठेवले असं मी सांगणार नाही. महिनाभर पॉलिश लावून घासत होते.

लग्न कोल्हापुरातच एका कार्यालयात झालं. पंगती उठल्या, ओटी भरून झाली, पाठवणीची वेळ आली आणि साडू गायब. मुलाकडची मंडळी घड्याळं बघायला लागली. मी शोधत मागच्या आवारात गेलो, तर लग्नाचा सदरा झाडाला अडकवून, घरून आणलेल्या दोन बादल्या घेऊन साडू आप्पांची जुनी जीप धूत होते. ती जीप उसातनं, ओढ्यातनं फिरलेली. तिला ओरखडा पडायला रंगच शिल्लक नव्हता. आप्पा मागं येऊन म्हणाले, "कशाला ओ पावणं? चिखलातनंच जायाची हाय ती."

"रीत एकट्या तुमचीच हाय व्हय?" साडू वळून न बघताच म्हणाले.

कधी कुणाची गाडी इतक्या हळू धुतली गेली नसेल. पत्र्यावरच्या गंजालासुद्धा ते वरून खाली सरळ हात मारत होते. जोडपं आत बसलं, सगळे भोवती जमले, अंधार पडायच्या आत निघायला पाहिजे असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. साडू प्राजूच्या बाजूचं दार पुसत होते. पुसून झालं, पुन्हा पुसलं. मेहुणीबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "अवो, पुरं की आता."

"थांब की जरा. हितं अजून ओलं हाय."

मी शेजारीच उभा होतो. दार केव्हाच कोरडं झालं होतं. प्राजूनं खिडकीतून हात बाहेर काढून दारावर ठेवला, आणि साडू त्या हाताच्या कडेकडेनं पुसत राहिले. अखेर आप्पांनी जीप चालू केली, अगदी हळू पुढं घेतली. साडूंचं फडकं दारावरून सुटलं नाही. बनियनवर, भिजलेल्या धोतरानं, फडकं दाराला लावूनच ते जीपबरोबर फाटकापर्यंत चालत गेले.