वरवंडला परत गेलेले खंड

ती फिर्याद आजही आठवली की मान खाली जाते. त्या प्रकरणात लाज वाटावी असं जवळजवळ प्रत्येकाने काहीतरी केलं होतं. ज्याने काहीच केलं नव्हतं, नेमकं त्याला आम्ही ठाण्यातल्या बाकावर बसवलं.

मी तेव्हा शिरूर तालुक्यात सहायक निरीक्षक होतो. हद्दीत सणसवाडीचा कारखान्यांचा पट्टा होता. मोबाइल, मोटारसायकली आणि भाडेकरूंची भांडणं एवढंच रोज यायचं. त्यामुळे एक निवृत्त मुख्याध्यापक ‘माझी जुनी मासिकं चोरीला गेली’ म्हणत आले, तेव्हा ठाणे अंमलदाराने रद्दीचं प्रकरण समजून त्यांना वाटेला लावायचा बेत केला होता. पण आमच्या दोन हवालदारांनी शाळेत सरांच्या हातचा मार खाल्लेला. मी उठून खुर्ची दिली.

“रद्दी नव्हे साहेब,” सर म्हणाले. “बांधीव खंड आहेत. वर्षाचे सगळे अंक एकत्र शिवलेले, पाठीला कातडं. बांधणारे लोक मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकायचे. माझ्या खंडांत त्या शाबूत आहेत. असे आता शोधून मिळत नाहीत.”

कपाटातून एकेक करून सात-आठ खंड नाहीसे झाले होते. कुलूप तुटलेलं नव्हतं. संशय कोणावर, विचारल्यावर सरांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. माडीवरच्या खोलीत बायको आणि लहान मुलीसह राहणारा बिहारचा कंत्राटी कामगार.

कुलूप शाबूत असलं की चोर घरातला, हे नव्या शिपायालाही कळतं. भाडेकरूही घरातलाच की, असं मी स्वतःला समजावलं. चौकातल्या पानटपरीवाल्या खबऱ्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. “त्यो भैया जड पिशवी गाडीवर घिऊन जाताना म्या दोनदा बघितला, साहेब. वरनं लुगडं कोंबलेलं. खाली काय व्हतं ते त्यालाच ठावं.”

भाडेकरूला बोलावून घेतलं. तो सरळ उभा राहिला.

“पिशवी ले गया था?”

“जी साहब.”

“क्या था उसमें?”

“किताबें.”

“किसने दी?”

“वो नहीं बताऊँगा साहब. ज़ुबान दी है. चोरी नहीं की.”

त्याला कंपनीत कायम करणार होते, त्यासाठी पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागणार होता. त्याचा अर्ज आमच्याच ठाण्यात पडून होता. गुन्ह्यात नाव आलं असतं तर दाखला गेला असता, नोकरी गेली असती आणि खोलीही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी तो तोंड उघडेना. मला वाटलं, मुरलेला चोर आहे. मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी घरी सोडलं, सकाळी पुन्हा बाकावर बसवलं.

त्याच दुपारी सरांच्या घरी पंचनाम्याला गेलो. मुद्देमाल सापडला तर ओळखायचा कसा, म्हणून ओळखीच्या खुणा लागतात. सरांनी कापडाचा रंग सांगितला, कातड्यावरच्या चिरा सांगितल्या. आतल्या नावाबद्दल किंवा शिक्क्याबद्दल विचारलं, तर “काही नाही” म्हणून विषय संपवला. मी कपाटात उरलेले खंड उघडून पाहिले. प्रत्येकातलं पहिलं पान शिवणीलगत ब्लेडने कापलेलं. साबणाची जाहिरातसुद्धा जपणारा माणूस पहिलंच पान का कापेल?

“वाळवी लागली होती,” सर म्हणाले.

“वाळवी सरळ रेषेत खात नाही, सर.”

चहा घेऊन आलेल्या बाईंनी कपबशी खाली ठेवली आणि कापलेल्या पानाच्या कडेकडे पाहिलं. सरांची पत्नी. पंच निघाल्यावर त्या दारात मला आडव्या आल्या. “साहेब, मला बोलायचंय.” बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. महिला शिपायाला बोलावून घेतलं आणि तिथेच बसलो.

“त्या माणसाला आधी सोडा,” त्या म्हणाल्या. “खंड म्या न्हेलं. माझ्या माहेरी, वरवंडला. चोरलं न्हाईत, माघारी पोचवलं.”

वरवंड म्हणजे शेजारच्या दौंड तालुक्यातलं सोलापूर रस्त्यावरचं मोठं गाव. तिथलं वाचनालय बाईंच्या वडिलांनी सुरू केलेलं. लग्नानंतर सर दर खेपेला वाचायला म्हणून एकदोन खंड आणायचे. जावयाला नाही कोण म्हणणार? आणि जावयाने नेलेलं परत तरी कोण मागणार? सासरे वारले. सरांनी वाचनालयाच्या शिक्क्याची पानं कापली. पुढे तर आल्यागेल्याला ते खंड आपण जुन्या बाजारातून कसे शोधून आणले, हे रंगवून सांगू लागले. मला वाटतं, सांगता सांगता त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

“माहेरी गेले की मी मागच्या आळीनं जायची,” बाई म्हणाल्या. “वाचनालयाची मोकळी कपाटं बघायला नको म्हणून. शेवटी एकेक न्ह्यायला लागले. पर गुडघं गेलं माझं, वजन उचलंना. म्हणून ह्याला म्हणलं, एष्टीपतोर पोचव आन् कुणाला बोलू नको. त्यो खरंच बोलला न्हाई. आन् मी काल दिसभर गप बसले, साहेब. ह्यांची अब्रू जाईल म्हणून. त्याची चालली व्हती, ती दिसत असून.”

सर म्हणाले, “तिथे धुळीत कुजले असते ते. मी जपले.”

“जपलं, खरं हाय. पर आपलं म्हणून का जपलं?”

मी बाहेर येऊन ठाण्यात फोन केला, भाडेकरूला सोडायला सांगितलं. फोनवर बोलतानाही मला त्या बाकाची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी खात्री करायला सर आणि बाईंना घेऊन वरवंडला गेलो. वाचनालय सांभाळणारे म्हातारे आबा लगबगीने पुढे आले. फडक्याने खुर्ची पुसली. “या जावईबापू, बसा की!” चहा सांगितला. परत आलेले खंड कपाटात नीट उभे होते.

“कोण आणून ठेवतं कळंना बघा,” आबा म्हणाले. “ह्या आक्का माहेरी आल्या की दुसऱ्या दिशी एक सापडतो.” मग सरांकडे वळून अगदी मनापासून म्हणाले, “तुमाला पुन्हा वाचायला पायजे असतील तर न्या की. जावयाला का न्हाई म्हणायचंय व्हय?”

सर खुर्चीत बसले नाहीत. चहाही त्यांना घेता आला नाही. वाचनालयाची काही तक्रार आहे का, असं मी नियमाप्रमाणे विचारलं, तर आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वावगं बोललो होतो. “जावयाची फिर्याद? काय बोलता साहेब!” त्यांना सगळं ठाऊक होतं की काहीच नाही, हे मला अजून सांगता येणार नाही.

गैरसमजुतीतून दिलेली फिर्याद म्हणून ‘क’ समरीचा, म्हणजे तपास बंद करण्याचा, अहवाल न्यायालयात पाठवला. दाखल्यावर सही झाली तेव्हा तो घेऊन मी स्वतः माडी चढलो. आदल्या दिवशी सर येऊन हात जोडून गेले होते म्हणे. भाडेकरूने दाखल्याकडे नंतर पाहिलं. आधी विचारलं, “अम्माजी को कुछ हुआ तो नहीं ना, साहब?”

या प्रकरणाने मला एकच शिकवलं. ठाण्यात आलेल्या दोघांपैकी खुर्ची कोणाला आणि बाक कोणाला, हे आपण तपासाआधीच ठरवून टाकलेलं असतं. पुढचा सगळा तपास त्या खुर्चीला सांभाळत चालतो. त्यानंतर माझ्या खोलीत मी दोन सारख्या खुर्च्या ठेवल्या.

दाखला दिला त्याच्या पुढच्या रविवारी गस्तीवर असताना एसटीच्या थांब्यावर तिघं दिसले. उरलेल्या खंडांची मोठी पिशवी होती. एक बंद भाडेकरूने धरला होता, दुसरा सरांनी. वर लुगडं नव्हतं, कातडी पाठी सरळ दिसत होत्या. बाई त्यांच्या पुढे चालल्या होत्या, रिकाम्या हातांनी.